आप्पांची फेरी

दूध करपलं तेव्हा आप्पा शेगडीपासून हातभर अंतरावर बसले होते.

धाकटी सून बाहेर पिंपापाशी बाळाची दुपटी पिळत होती. करपट वास तिला तिथपर्यंत आला, तशी ती हात न पुसताच आत धावली. वादळाने घराचं छप्पर नेल्यापासून सगळं कुटुंब कारखान्याच्या ऑफिसात राहत होतं; मोठी सून तेवढी मुलांना घेऊन माहेरी गेलेली. टेबलं भिंतीला सरकवलेली, मधे अंथरुणं, कपाटाच्या आडोशाला शेगडी. पातेल्यातून काळा धूर निघत होता आणि आप्पा स्टुलावर बसून, नातीला मांडीवर घेऊन, खिडकीतून निवांत यार्डाकडे बघत होते. डोक्याला मागून पट्टी बांधलेली.

"आप्पा, दूध."

ते दचकले. मान वळवून पातेल्याकडे पाहिलं. "हो, बघतच होतो की."

तिने पातेलं खाली उतरवलं आणि मुलीला उचलून घेतलं. मुलगी शीने कमरेपर्यंत भरली होती. नुकतीच नव्हे, चांगला वेळ झाला असावा, कारण आप्पांच्या विजारीवर डाग वाळत आला होता. धाकटीला हसू यायला हवं होतं. हाच माणूस पूर्वी दारातूनच ओळखायचा. 'घ्या गं आपलं गाठोडं, हिचा कारखाना सुरू झाला,' असं म्हणत नातीला दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून परत करायचा. गाठोडं हे नावही त्यांनीच ठेवलेलं. रस्त्यातून येताना कुणाच्या घरी काय करपलं, कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणी चोरून सिगारेट ओढली, हे सांगणारं हे नाक. सुनेने नवीन साबण आणला तर जेवताना विचारणारं.

"वेळ लागला का गं मला?" आप्पांनी विजारीकडे बघत विचारलं.

"नाही, आत्ताच झालं असेल," ती म्हणाली. आपण का खोटं बोललो, ते तिलाही कळलं नाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता पातेलं उचललं. "ह्यांचं लक्षच नसतं हल्ली. मी घासते." सुनेकडे न बघता त्या बाहेर निघून गेल्या. इतक्या घाईने की धाकटीला ते खटकलं. घासायची घाई कुणाला असते?

आज दुपारी आप्पा फेरी मारणार होते. त्यानंतर मशीन सुरू होणार होतं.

*

कारखाना बर्फाचा. आप्पांच्या वडिलांनी उभारलेला, बंदराला लागून. जाड नळांमधून अमोनिया फिरतो, मिठाच्या पाण्याची भलीमोठी टाकी गार करतो, टाकीत सोडलेल्या डब्यांमधलं पाणी गोठतं आणि दुसऱ्या दिवशी लाद्या निघतात. नळ धड असतील तोवर सगळं ठीक. नळ फुटला तर आधी डोळे जातात, मग श्वास. म्हणून ह्या घराची एक रीत होती: मशीन बंद पडून पुन्हा सुरू करायचं असलं की घरातला मोठा माणूस अनवाणी, हात मागे बांधून, यंत्रघरातून एक फेरी मारणार. तोवर कुणी बोलायचं नाही. परत उंबऱ्याशी येऊन तो म्हणणार, 'वास नाही.' मगच व्हॉल्व्ह उघडायचा. आधी आप्पांचे वडील फिरायचे, मग आप्पा.

दादाने, म्हणजे मोठ्या मुलाने, लग्न व्हायच्या आधी कधीतरी गंधकाच्या कांड्या आणल्या होत्या. कांडी पेटवून नळाजवळून फिरवायची. गळती असेल तिथे पांढराफेक धूर उठतो. आप्पांनी डबा उघडला, बंद केला आणि ड्रॉवरमध्ये टाकून म्हणाले, "माझं नाक मेलं की पेटव." त्या दिवसापासून बापलेक कामापुरतंच बोलत. कांड्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता दादा शीतगृहाच्या दारात उभा होता आणि त्याच कांड्या त्याच्या डोक्यात होत्या.

शीतगृह म्हणजे लाद्या साठवायची खोली. गारवा राखायला भिंती हातभर जाड, आत नळ नाही, खिडकी एकही नाही. वादळात अख्ख्या वस्तीत एवढी एकच खोली जशीच्या तशी राहिली, आणि तेव्हापासून वस्ती तिच्यातच होती. फळ्यांवर गाद्या, दोऱ्यांवर ओले कपडे, कोपऱ्यात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं. बाहेर कुठे पत्रा वाजला की पोरं खेळता खेळता थिजायची. मोठी माणसंही बोलणं अर्धं सोडून छताकडे बघायची, पत्रा शांत झाल्यावर पुढचा शब्द उचलायची.

"इथे उभा राहून काय मोजतोयस?" त्याची बहीण, ताई, मागून आली. ती दवाखान्यात नर्स होती. वादळानंतर तिचे डोळे आत गेले होते. कपड्यांवर कुणाकुणाचं रक्त वाळलेलं. हातात थर्मोकोलची रिकामी पेटी.

"दार बघतोय. एकच आहे. आणि ते उघडतं कुठे, यंत्रघराच्या बोळात."

"दादा, उद्या लसींची गाडी येतेय. धनुर्वाताची इंजेक्शनं, तान्ह्या मुलांच्या लसी. आमचा फ्रीज चिखलात लोळतोय. तू आज मशीन लावलंस तर उद्या संध्याकाळी बर्फ. नाही लावलंस तर गाडी मला माल देऊन जाणार आणि मी तो उन्हात ठेवून बघत बसणार. रोज कुणीतरी खिळा टोचून घेऊन येतंय, 'आई गं' करत."

"त्या नळांवर छताची तुळई पडली होती. आम्ही उचलली, पण आत काय सैल झालंय ते दिसत नाही."

"काल संध्याकाळीही आप्पांनी फेरी मारली. वास नाही म्हणाले."

"म्हणाले."

ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. माझं नाक तर बसलंय." त्याने जमिनीकडे बोट केलं. रोगराई नको म्हणून मदतीला आलेल्या पोरांनी सगळीकडे ब्लीचिंग पावडर मारली होती. बोळ, यंत्रघर, यार्ड, सगळं पांढरं. "सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात. त्यात अमोनिया कोण ओळखणार? आणि अमोनिया ह्या पावडरीला भेटला तर दोन्ही मिळून तिसरंच विष होतं. मी म्हणतो, मशीन लावताना लोकांना बाहेर काढू."

"बाहेर? रेडिओवर संध्याकाळी पुन्हा वारा सांगितलाय. काल नुसतं झाडायचं म्हणून बाहेर या म्हटलं तर बायका दाराला धरून रडायला लागल्या. आणि कारण काय सांगणार? गॅस? एकदा तो शब्द कानावर पडला की कुणी परत आत येणार नाही. उघड्यावर बसतील रात्रभर."

आतून चष्मेवाल्या आजीने हाक मारली. वादळात तिच्या चष्म्याची एक काच गेली होती, तरी ती तो लावूनच बसायची. "काय गं नर्सबाई, बहीणभाऊ दारात काय कुजबुजताय? आमचं काही असेल तर आम्हाला सांगा."

"काही नाही आजी. हा म्हणतोय, तुम्ही घोरता."

"मी नाही, सुतार घोरतो. मी जागीच असते. तुमचे आप्पा संध्याकाळी येऊन 'वास नाही, झोपा' म्हणतात ना, तेव्हा कुठे माझी पाठ टेकते." एका काचेतून तिने दादाकडे पाहिलं. "आज येतील ना?"

"येतील," ताई म्हणाली. दादा यंत्रघराकडे वळला.

*

पिंपापाशी सासूबाई पातेलं घासत होत्या. राख संपली होती म्हणून वाळूने. धाकटी मुलीला धुऊन, कोरड्या दुपट्यात गुंडाळून, त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. यार्डाच्या पलीकडे होड्या एकमेकींवर चढल्या होत्या. सुतार एका होडीच्या पोटात वाकून फळी ठोकत होता. बर्फ निघाला की होडी पाण्यात घालायची, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बर्फाशिवाय मासळी आणून करणार काय, म्हणायचा.

"आई, आप्पांना वास येत नाही ना?"

वाळूचा आवाज चालूच राहिला.

"मार लागलाय डोक्याला. थकलेत. झोप नाही."

"दूध त्यांच्या शेजारी करपलं."

"म्हातारा माणूस. लागली असेल तंद्री."

"गाठोडं मांडीवर भरलं होतं. आप्पांच्या मांडीवर, आई."

सासूबाई थांबल्या. पातेल्यात बघत म्हणाल्या, "मी काल त्यांच्या ताटात आंबलेली भाजी वाढली. चुकून. सगळी खाल्ली. छान झालीय म्हणाले." त्यांनी मनगटाने नाक पुसलं. "मी विचारलं नाही. ते सांगतील तेव्हा सांगतील. इतकी वर्षं ह्या वस्तीत त्यांना जो काही मान आहे तो ह्या नाकाचा आहे, आणि वस्तीकडे आता राहिलंय काय? कुणाची घरं नाहीत, कुणाची माणसं नाहीत. संध्याकाळी एक माणूस येतो आणि झोपा म्हणतो. तेही काढून घेऊ?"

"आज मशीन लावतायत."

"माहितीये."

"व्हॉल्व्ह कोण उघडणार?"

सासूबाईंनी वर पाहिलं. त्यांना ते माहीत होतंच, नेहमीचंच होतं. मशीनशी दादा, व्हॉल्व्हशी धाकटा, म्हणजे हिचा नवरा. पण काही गोष्टी दुसऱ्याने विचारल्याशिवाय माहीत होत नाहीत.

"त्याची आई आहे मी," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या आधीपासून."

"म्हणूनच तुमच्याकडे आले. ताईंकडे नाही गेले, दादांकडे नाही गेले. दादांना सांगितलं तर ते आप्पांना सगळ्यांसमोर विचारतील, आणि आप्पा सगळ्यांसमोर नाही म्हणतील. मग संपलंच."

"मग मी काय करू म्हणतेस? चारचौघांत माझ्या नवऱ्याला खोटं पाडू?"

"नाही."

"मग?"

गाठोड्याने आजीच्या ओल्या हाताकडे झेप घेतली. धाकटीने तिला सावरलं. "मोठ्या जाऊबाईंची मुलं एवढीशी होती तेव्हा आप्पांनी त्यांना कडेवर घेऊन मशीन सुरू होताना दाखवलं होतं ना?"

"दोघांनाही. तुझ्या नवऱ्यालाही. ह्या घरातलं प्रत्येक पोर."

"हिचं राहिलंय," धाकटी म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या हातातलं पातेलं पिंपावर आपटलं. "अगं, आणि त्यांनी हिला खरंच आत नेलं तर?"

धाकटीने मुलीला घट्ट धरलं.

*

आप्पांना यंत्रघरात डोळे मिटून चालता यायचं. पायांना फरशी ठाऊक होती. डावीकडे मशीनचं मोठं चाक, उजवीकडे नळांची रांग, पुढे दोन पायऱ्या. पूर्वी इथे पाऊल टाकलं की वास आपले पुढे यायचे, घरातल्या माणसांसारखे. तेलाचा, गंजाचा, मिठाचा, ओल्या पोत्यांचा. त्यांच्यात कुणी परका असला की लगेच कळायचं.

आता कुणीच पुढे येत नव्हतं. घर रिकामं करून सगळे निघून गेले होते.

त्यांनी श्वास ओढला. हवा गार होती, एवढंच. पुन्हा ओढला. डोक्यामागे टाक्यांत ठणका लागला. उद्या येईल, ते स्वतःला म्हणाले. कालही हेच म्हणाले होते. आणि मुळात गळती असती तर डोळ्यांना कळलंच असतं की. डोळे चुरचुरत होते, पण ते तर सगळ्यांचेच. पावडर आहे. पावडरच आहे.

फेरी संपवून ते उंबऱ्याकडे वळले. दारात सगळे गप्प उभे होते. ताई थर्मोकोलची पेटी कवटाळून. दादा मोठा पाना घेऊन, बापाच्या तोंडाकडे न बघता. धाकटा तर आत येऊन आपल्या जागी जाऊन उभाही राहिला होता, वाकड्या नळाखाली, हात व्हॉल्व्हच्या चाकावर. लहानपणीही असाच, सांगायच्या आधी तयार. बोळाच्या टोकाला वस्तीतले चारसहा जण येऊन थांबले होते. चष्मेवाली आजी सगळ्यांत पुढे.

आप्पांनी तोंड उघडलं.

"आप्पा, थांबा," धाकटी सून म्हणाली.

फेरी पुरी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. दादानेसुद्धा चमकून पाहिलं. ती पोर पांढरीफटक पडली होती, पण पुढे आली आणि कडेवरचं मूल तिने सासऱ्यापुढे धरलं.

"हिला मशीन दाखवायचं राहिलंय. घरातल्या सगळ्यांना दाखवलंत. हिला घेऊन आत उभे राहा ना, मग सुरू करू."

"हे काय आता मधेच?" ताई म्हणाली. "वेळ जातोय."

"जाऊ दे," सासूबाईंचा आवाज मागून आला. त्या कधी बोळात पाऊल टाकत नसत. आज भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. "घ्या नातीला."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. तिने नजर काढली नाही. तेव्हा त्यांना कळलं की हिला माहीत आहे; काल भाजी छान झालीय म्हटल्यावरही ती अशीच बघत राहिली होती. सुनेकडे पाहिलं. हिलाही. त्यांनी हात पुढे केले, कारण नात पुढे केल्यावर दुसरं काही करता येत नाही.

मूल ऊबदार होतं, जड होतं. पूर्वी तिच्या टाळूला दुधाचा वास यायचा. ते एक पाऊल आत गेले. सुनेने मागे दाराची चौकट धरली. तिच्या नखांचा आवाज त्यांना ऐकू आला. आणखी एक पाऊल. धाकटा नळाखालून मुलीकडे बघून हसला आणि चाकावरची बोटं तिच्यासाठी हलवली.

मुलीने हात वर केला आणि आजोबांचं नाक पकडलं. रोजचाच खेळ तो. एरवी आप्पा नाकातून भोंग्यासारखा आवाज काढत आणि ती खिदळे. आज ती वाट बघत राहिली. इवलीशी मूठ, आणि मुठीत काहीच नाही.

"धाकट्या," आप्पा म्हणाले. "हात काढ. बाहेर ये."

"काय झालं?"

"आधी बाहेर ये."

तो बाहेर आला. आप्पा त्याच्या मागून आले, मूल सुनेकडे दिलं आणि भिंतीला टेकले. मग मोठ्या मुलाकडे वळून म्हणाले, "दादा, तुझ्या कांड्या काढ."

दादाने पाना खाली घेतला. "कसल्या कांड्या?"

"गंधकाच्या. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये मागे आहेत. मी टाकल्या नव्हत्या." त्यांनी ऑफिसाकडे बोट केलं. "पेटव म्हणालो होतो ना तुला. आता पेटव."

बोळाच्या टोकाला आजीने कुणाला तरी विचारलं, काय म्हणाले ते. तिला कुणी सांगितलं नाही.

ताईने पेटी खाली ठेवली. बापाच्या पट्टीवरून तिने बोटं फिरवली, जशी पेशंटच्या फिरवायची तशी. "कधीपासून?"

"तू टाके घातलेस तेव्हा स्पिरिट लावलंस. आग झाली, वास आला नाही. म्हटलं, येईल."

"डोक्याला मागून मार लागला की जाऊ शकतं असं. मला माहीत होतं, आप्पा. मी एकदा विचारायला हवं होतं." तिने पट्टीची गाठ नीट केली. "बर्फ हवा होता मला. म्हणून नाही विचारलं."

"तुझ्यावर नको घेऊ. मला कारखाना हवा होता."

दादा ड्रॉवरकडे जायला निघाला होता. जाता जाता बापापाशी थांबला, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त एक वाक्य बोलला. "खाली बसा, आप्पा. मी स्टूल आणतो."

*

लोकांना बाहेर काढायचं काम ताईनेच केलं. काही लपवलं नाही. "नळ तपासायचेत. गळती असू शकते. तोवर सगळे यार्डात," एवढंच, पण असं म्हणाली की रडणारेही उठले. वारा सुटला होता. माणसं होड्यांच्या आडोशाला बसली, पोरांना पोटाशी धरून. आकाश एका बाजूने काळंनिळं झालं होतं आणि त्या बाजूला कुणी बघत नव्हतं. मागच्या खेपेलाही आधी असंच झालं होतं. धाकटी सुताराच्या होडीखाली मुलीला पाजायला बसली, पण दूधच उतरेना.

यंत्रघरात दादाने तोंडाला ओलं फडकं बांधून कांडी पेटवली. धाकट्याने टॉर्च धरला. निळसर ज्योत नळांच्या रांगेवरून सरकत गेली. काही नाही, काही नाही. मग व्हॉल्व्हच्या वरच्या वाकणाशी, जिथे तुळई पडली होती, तिथे ज्योतीतून पांढरा लोट उठला. दाट, दुधासारखा. धाकट्याच्या तोंडाच्या उंचीवर.

दोघं भाऊ त्या धुराकडे बघत राहिले.

"मशीन बंद असताना एवढी," दादा म्हणाला. लावल्यावर दाब किती वाढतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

"माझ्या नाकासमोरच होती, तरी कळली नाही," धाकटा म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. दादाने पाना खाली ठेवला आणि त्याला मानेला धरून जवळ ओढलं. मग पुन्हा पाना उचलला.

तेवढ्या नळातला अमोनिया पाण्याच्या पिंपात सोडला, बोल्ट खोलले, जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, पुन्हा आवळलं. खालची पांढरी पावडर दोघांनी पाणी मारून धुऊन काढली. पुन्हा कांडी फिरवली. पुन्हा, आणि आणखी एकदा, प्रत्येक सांध्याशी. धूर उठला नाही. आप्पा दारातल्या स्टुलावर बसून होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि ते काही म्हणाले नाहीत. धाकट्याने व्हॉल्व्ह उघडला तेव्हा मात्र ते उभे राहिले.

मशीन धडधडलं, अडखळलं, मग लागलं. यार्डात बसलेल्यांना ते आधी पायाखाली जाणवलं. कुणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही. सुताराने हातोडी थांबवली आणि होडीच्या फळीवर तळहात ठेवून तो ऐकत राहिला.

*

तिन्हीसांजेला पावसाचे मोठे थेंब पडायला लागले. तरी शीतगृहाच्या दारात माणसं घोटाळत होती. आत जायचं तर भिंतीपलीकडच्या नळांची भीती, बाहेर राहायचं तर वाऱ्याची. एका बाईने मुलाला आत ढकललं आणि लगेच बाहेर ओढून घेतलं.

आप्पा आले. अनवाणी, हात मागे बांधलेले. सवयीने सगळे गप्प झाले आणि वाट करून दिली.

"आज मी फेरी मारणार नाही," ते म्हणाले. "माझं नाक गेलंय. वादळात गेलं. मधल्या दिवसांत मी जे सांगितलं ते वास न घेताच सांगितलं."

धाकटी मुलीला घेऊन दाराशी उभी होती. तिला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी धावून येईल. माणसं पोरांना जवळ ओढून मागे सरकली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"म्हणजे आम्ही झोपलो कशावर?" चष्मेवाल्या आजीने विचारलं.

"माझ्या शब्दावर."

"आणि आता?"

"दादाने नळ तपासलेत. गळती होती, ती बुजवली. मी तिथेच होतो, डोळ्यांनी पाहिलंय. दार रात्रभर उघडं राहील, दारात आमच्यापैकी एक जण बसेल. पण वास नाही असं मी नाही सांगू शकत." ते थांबले. वारा पत्र्याखाली शिरला, पत्रा वाजला, आणि सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. तो थांबेपर्यंत आप्पाही थांबले. "नाकं तुम्हालाही आहेत. आत या आणि तुम्हीच घ्या. तीक्ष्ण असतो तो वास. कपाळात जातो. कुणालाही आला, लहान पोराला आला, तरी बोलायचं. लाजायचं नाही. एकाने म्हटलं तरी सगळे बाहेर."

मग आजी काठी टेकत आत गेली, आपल्या गादीपाशी उभी राहिली आणि चष्मा काढून हातात घेतला, जणू नाकाला त्याची अडचण होती. तिच्यामागून सुतार गेला. मग बाकीचे, आपापल्या फळ्यांपाशी.

खोली शांत झाली. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. आणि त्या शांततेत सगळ्या वस्तीने मिळून श्वास घेतला. म्हाताऱ्यांनी, पोरांनी, डोळे मिटून, माना किंचित वर करून. पुन्हा घेतला.

"मला तर सुताराच्या पायांचाच येतोय," आजी म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं आणि मधेच थांबलं.

"वास नाही," सुतार म्हणाला.

"नाही," त्याच्या शेजारची बाई म्हणाली. मग पलीकडचा म्हातारा. मग तीन लहान भावंडं एकापाठोपाठ एक, वर्गात हजेरी द्यावी तशी. शब्द फळीवरून फळीवर सरकत गेला, कोपऱ्यातून वळला, दुसऱ्या भिंतीने परत आला. आप्पा दारात उभे राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, ओठ हलताना. ताईने म्हटलं. सासूबाईंनी म्हटलं, नवऱ्याच्या दंडाला धरून.

शेवटी सगळे धाकटीकडे वळले.

तिने नाक वर केलं. ओले कपडे आले, चिखल आला, पावडर आली, बाहीला चिकटलेला दुपारच्या दुधाचा करपट वास आला. त्याच्या मागे आणखी काही आहे का? तिने मुलीच्या टाळूवर ओठ टेकवले आणि पुन्हा वास घेऊन बघितला. वेळ घेतला. तिला कुणी घाई केली नाही.

"वास नाही," ती म्हणाली.

माणसं खाली बसली, चादरी उलगडू लागली. ती मात्र दारातच बसली, मुलीला मांडीवर घेऊन, आणि पाऊस यार्डावर कोसळू लागला तेव्हा तिने हळूच आणखी एक श्वास घेतला.